उडीचा घोडा घेताना पैसे किती धरावेत

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

वीस हजार युरो साठलेत, एवढ्यात १.२० मीटरच्या उड्या न अडता मारणारा अनुभवी घोडा जर्मनीत मिळेल का, असं विचारलंयस. मिळेल. पण तो चौदा-पंधरा वर्षांचा असेल, आणि सगळे वीस हजार त्याच्यावर घालायचे नाहीत.

इथे भाव उंचीप्रमाणे चढतो आणि वयाप्रमाणे उतरतो. इथल्या स्पर्धांच्या एल वर्गात, म्हणजे १.१५ मीटरवर, आणि थोडं वरपर्यंत नेमाने बिनचूक जाणारा, हौशी स्वाराला सांभाळून घेणारा, आठ ते अकरा वर्षांचा, हॅनोव्हेरियन किंवा होल्स्टाइनर या जर्मन जातींचा निरोगी घोडा घ्यायला गेलीस, तर तीस ते पन्नास हजार सांगतील. एस वर्ग १.४० पासून सुरू होतो. तिथे जिंकणारा घोडा लाखाच्या आत क्वचितच. मात्र हाच एस वर्गातला घोडा पंधराव्या वर्षी मालकाला मोठ्या उड्यांसाठी नको होतो, आणि तेव्हा तो बारा ते अठरा हजारांत येतो. तुझा घोडा या गटात शोध.

सहा वर्षांचा, गुणी, 'भविष्य असलेला' घोडाही याच पैशांत दाखवतील. तो घेऊ नकोस. त्याला शिकवणारा स्वार लागतो आणि तू अजून स्वतः शिकते आहेस. कुणीतरी तुला स्नोमॅनची गोष्ट सांगेलच. १९५६ मध्ये अमेरिकेत हॅरी डी लेयरने कत्तलखान्याच्या गाडीतून ८० डॉलरला सोडवलेला तो नांगराचा घोडा १९५८ आणि १९५९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अव्वल ठरला. गोष्ट खरी आहे. पण डी लेयर जन्मभर घोड्यांत राहिलेला, रोज पागेत असणारा माणूस होता, हे सांगणारे विसरतात.

वयाची भीती बाळगू नकोस. ऑलिंपिकच्या जंपिंगला नऊ वर्षांखालचा घोडा चालतच नाही, आणि २०१६ मध्ये रिओला ब्रिटनच्या निक स्केल्टनने सुवर्ण जिंकलं तेव्हा त्याचा घोडा बिग स्टार तेरा वर्षांचा होता.

तू पुण्यात शिकलीस ती शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेड घोड्यांवर. तिथल्या किमती आठवून इथले आकडे अंगावर येणार. मग नेमकं कशाचे पैसे देतो आहोत, हे नीट समजून घे. अडथळ्यापाशी येताना तुझं अंतर चुकणार आहे. कधी लांबून सुटशील, कधी अगदी बुंध्याशी येशील. कच्चा घोडा तिथे अडतो किंवा घाबरून बांबू पाडतो. अनुभवी घोडा एक पाऊल स्वतःहून आखूड करतो आणि तुला पलीकडे घेऊन जातो, पुढच्या अडथळ्याकडे पुन्हा तितक्याच विश्वासाने कान टवकारतो. ही क्षमा विकत घ्यायची आहे. म्हणून बघायला जाशील तेव्हा आधी विक्रेत्याच्या स्वाराला बसू दे, मग तू बस, आणि लहान अडथळ्यावर मुद्दाम थोडी चुकीची ये. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बस. तू पोचायच्या आधी त्याला फिरवून दमवू नका, असं कळवून ठेव. पोचलीस की खोगिराखालच्या जागेवर हात ठेवून बघ, घाम आहे का.

तपासणीला डॉक्टर तू निवड, विक्रेत्याचा नेहमीचा नको. पाय दुमडून धरून लगेच दुडकी पळवतात ती चाचणी, कडक जमिनीवर वर्तुळात चाल, १८ एक्स-रे, आणि रक्ताचा नमुना, कारण वेदनाशामक दिलेला घोडा त्या दिवशी लंगडत नाही. सगळं मिळून हजारभर युरो धर. २०१८ पासून एक्स-रे बघून घोड्याला चांगला-वाईट असा वर्ग देणं बंद झालंय, डॉक्टर दोष फक्त नोंदवतात. पंधरा वर्षांच्या घोड्याचे एक्स-रे निर्दोष नसणारच. डॉक्टरांना एकच विचार: १.२० वर अजून तीन वर्षं हा टिकेल का?

घोडा व्यापाऱ्याकडून घेतलास तर पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता, असं इथला कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे व्यापाऱ्याला सिद्ध करावं लागतं. खासगी मालक करारात बहुधा जबाबदारी झटकून टाकतो. सारख्या घोड्याला व्यापारी दोन हजार जास्त मागत असेल, तर मी ते देईन. तुझ्या प्रशिक्षकाला दलाली मिळणार असेल तर किती आणि कोणाकडून, हे तोंडावर विचार. दहा टक्के सर्रास चालतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, लपवण्यात आहे.

आता पोसण्याचं. पागेचं भाडं आणि चंदी पाचशे ते सातशे, सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाचे दीडशेच्या आसपास, वर दायित्वाचा विमा (घोड्याने दुसऱ्याचं नुकसान केलं तर), शस्त्रक्रियेचा विमा, शिकवणी, स्पर्धा. महिना हजारावर जातो, आणि तो पगारातून निघायला हवा. पशुवैद्यांचे सरकारी दर नोव्हेंबर २०२२ पासून बरेच वाढलेत; पोटशुळाची एक शस्त्रक्रिया कित्येक हजारांची होते. म्हाताऱ्या घोड्याला विमा कंपन्या सहज घेत नाहीत, तेव्हा सौद्याआधीच विचारून ठेव.

म्हणून वाटणी अशी कर: घोडा चौदा हजारांपर्यंत, तपासणीला एक, पाच हजार बँकेत तसेच.

तू पाठवलेल्या जाहिरातींपैकी तपकिरी घोडी मला बरी वाटते. पण गेल्या आठ महिन्यांत तिच्या नावावर एकही स्पर्धा दिसत नाही. आधी फोन करून कारण विचार, घोडीच्या पासपोर्टच्या, म्हणजे तिच्या ओळखपत्राच्या, सगळ्या पानांचे फोटो मागव आणि मला पाठव.

तुझा,
काका