बोन मॅरोनंतर काउंट चांगले आले तरी दर आठवड्याला सीएमव्हीची टेस्ट कशाला?

भावा, वडलांचं ट्रान्सप्लांट होऊन दोन महिने झालेत, काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, भारी आलेत, मग ही सीएमव्ही नावाच्या व्हायरसची महागडी टेस्ट सोडली तर चालंल का असं विचारलंयस. नको सोडू. मी डॉक्टर नाही, पण ताईला मॅरो मीच दिला आणि पुढचं अख्खं वर्ष घरात बघितलंय.

आमचीपण हीच समजूत, पांढऱ्या पेशी चार हजार झाल्या म्हणजे जिंकलं. पण त्यात जास्त करून न्यूट्रोफिल असतात, ते बॅक्टेरियाचं बघतात, व्हायरसला आवरणाऱ्या टी-सेल नीट तयार व्हायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, आणि वरनं सायक्लोस्पोरिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबायचं औषध, चालू, म्हणजे ज्या आहेत त्यांचेपण हात बांधलेले. आम्ही मास्क लावला, पाहुणे बंद, कोल्हापूरच्या गंगावेशीतलं धारोष्ण दूध बंद, आणि व्हायरस बाहेरनं आलाच नाही! सीएमव्ही आपल्याकडं बहुतेकांच्या अंगात लहानपणापासनं झोपलेला असतो, तोच उठतो. ताईचा सीएमव्हीचा आकडा ट्रान्सप्लांटनंतर चाळिसाव्या दिवशी वाढला तेव्हा ताप नाही, खोकला नाही, निवांत भाकरी-पिठलं खात बसलेली. पीसीआर, म्हणजे हीच रक्तातला व्हायरस मोजणारी टेस्ट, नसती तर फुप्फुसात नाहीतर आतड्यात गेल्यावरच कळलं असतं. मग सीएमव्हीवरचं गॅन्सिक्लोव्हिर शिरेतनं, आणि त्या औषधानं काउंट परत खाली येतात, तेव्हा घाबरू नका.

आता आमची चूक. सहाव्या महिन्यात असायक्लोव्हिरची, म्हणजे जुने व्हायरस दाबून ठेवणाऱ्या गोळीची, पट्टी संपली, पुण्याच्या डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात, बरी आहे की म्हणून आणलीच नाही. काही दिवसांत कमरेला आग आग, मग फोड. आत्ती वाटीत काव कालवून हजर, नागिणीची तोंडं जुळायच्या आत रेघ ओढायला. मी वाटी काढून घेतली, तिचा राग अजून गेला नाही. तोंडंबिंडं काही नसतात ओ, कांजिण्यांचा जुना व्हायरस नसेत दबा धरून असतो तो उठतो, पण अशा पेशंटात अंगभर पसरू शकतो, म्हणून त्याच रात्री ॲडमिट केलं.

लघवी लाल झाली तर बीट खाल्लं असंल म्हणून सोडू नका, बीके नावाचा व्हायरस मूत्राशयात तेच करतो. घरात बाळ असंल तर पोलिओच्या थेंबाआधी ट्रान्सप्लांटवाल्या डॉक्टरांना विचारा, थेंबात जिवंत व्हायरस असतो आणि बाळाच्या शीतनं काही आठवडे बाहेर पडत राहतो, इंजेक्शनवाल्या लशीत ती भानगड नाही.

आणि रक्त सोमवारीच दे. आमचं सॅम्पल इथनं पुण्याला जायचं, शुक्रवारी दिलं की मधे रविवार यायचा आणि रिपोर्टची वाट बघत बसायला लागायचं.