हार्नेस सॉफ्टवेअरमध्ये वायरी भलत्याच वाटेनं जातात. बंडल नीट कसं न्यावं?

तुम्ही विचारलंय की ट्रकच्या केबिनचं हार्नेस (एकत्र बांधलेल्या वायरींचा जुडगा) इन्व्हेंटर या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करताना ऑटो राउट, म्हणजे वायरींची वाट सॉफ्टवेअरनंच ठरवण्याची सोय, दिलं की निम्म्या वायरी नको त्या ब्रांचमधून जातात, आणि तयार हार्नेस गाडीत बसवताना कुठं तोकडं पडतं, कुठं लोंबतं. मी इंदूरचाच. रोज पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत जातो आणि बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही अडचणींचं मूळ बहुधा एकच आहे: तुम्ही वायरींपासून सुरुवात करताय. कनेक्शनची यादी आत घेतली की पिनेपासून पिनेपर्यंत सरळ रेषांचं जाळं दिसतं आणि ते लगेच आवरावंसं वाटतं. ते तसंच राहू द्या. आधी गाडीत बंडल जिथं खरोखर धरलं जाणार आहे त्या जागा पक्क्या करा: क्लिपांची भोकं, फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा) ग्रोमेट, म्हणजे भोकातलं रबरी कडं, ब्रॅकेट. त्यातून मुख्य सेगमेंट (बंडलची सॉफ्टवेअरमधली वाट) न्या, मग ब्रांच काढा. मधेच हवेत दिलेला पॉइंट पडद्यावर छान वळण देतो, पण गाडीत तिथं बंडलला धरायला काहीच नसतं. असा प्रत्येक पॉइंट म्हणजे लांबीतली एक थाप.

ऑटो राउट पिनेच्या जवळचं सेगमेंटचं तोंड शोधतं आणि तिथून सगळ्यात जवळची वाट धरतं. ती वाट सायलेन्सरच्या पाइपाशेजारून जाते का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून प्रत्येक ब्रांचचं टोक आपापल्या कनेक्टरच्या अगदी समोर आणा. शेजारचं टोक जास्त जवळ असेल तर वायर तिकडेच घुसणार. ज्या वायरींनी लांबची वाट धरायलाच हवी, त्या आधी हातानं राउट करा आणि उरलेल्या ऑटोवर सोडा. कॅनच्या (गाडीतल्या कंट्रोलरांना जोडणाऱ्या डेटा लाइनच्या) पिळाच्या जोडीला लायब्ररीत केबल म्हणूनच घ्या. दोन सुट्या वायरी म्हणून घेतल्या तर त्यांची फारकत होऊ शकते, मग पीळ कसला आणि काय.

जाडी सॉफ्टवेअर काढतंच, तरी हातानं पडताळा. सारख्या वायरींसाठी ढोबळ हिशेब असा: एका वायरीचा बाहेरचा व्यास गुणिले वायरींच्या संख्येचं वर्गमूळ गुणिले 1.2. म्हणजे 1.6 मिमीच्या 30 वायरींचं बंडल साधारण 10.5 मिमी. व्यास वेगवेगळे असतील तर सगळ्यांच्या वर्गांची बेरीज करून तिचं वर्गमूळ घ्या आणि त्यालाही 1.2 नं गुणा. त्यावर टेप किंवा कॉरुगेटेड (वळ्यावळ्यांची) ट्यूब चढते, ती मोजायला विसरू नका. ग्रोमेटमध्ये तीच अडकते. वळणाची त्रिज्या कंपनीच्या स्टँडर्डप्रमाणे ठेवा. अंदाज यावा म्हणून सांगतो, विमानाच्या वायरिंगमध्ये बंडलमधल्या सगळ्यात जाड वायरीच्या व्यासाच्या 10 पटींपेक्षा लहान त्रिज्या साधारणपणे चालत नाही. स्प्लाइस (वायरींचा आपसातला सांधा) वळणावर किंवा ब्रांच फुटते तिथं ठेवू नका.

आता तुमची खरी अडचणीची जागा: केबिन पुढं कलते तो बिजागरीचा भाग. मॉडेलमध्ये केबिन बसलेली असते, त्यामुळे तिथली लांबी एकाच स्थितीची मिळते. केबिन पूर्ण कललेली दुसरी स्थिती करून बिजागरीच्या दोन्ही बाजूंच्या पक्क्या क्लिपांमधलं अंतर पुन्हा बघा, आणि मधला मोकळा भाग दोन्हींना पुरेल इतका ठेवा. शक्य असेल तर तो भाग बिजागरीच्या आसाला धरून, आसाच्या दिशेनंच न्या. तसा नेला की केबिन कलताना बंडल मुडपत नाही, नुसतं पिळलं जातं, आणि तो पीळ लांबीभर वाटला गेल्यानं तांब्याच्या तारा कमी थकतात. आडवा नेला तर दर वेळी एकाच जागी घडी पडते. उतरवल्यावर हा मोकळा भाग कशातही चेमटणार नाही आणि त्याचा सगळ्यात खालचा बिंदू कनेक्टरच्या खाली राहील, हेही बघा; म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता खाली गळेल.

तुम्हाला गाडी कंपनीकडून केबिनचं मॉडेल येत असणार. त्याचं रिव्हिजन (कितवी सुधारित आवृत्ती) दर वेळी तपासा. एअरबस ए380 ची गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांनी ऐकलेली असते. जर्मनी आणि स्पेनमधले लोक कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरच्या व्ही4 आवृत्तीवर काम करत होते, फ्रान्स आणि ब्रिटनमधले व्ही5 वर. जोडणीच्या वेळी हार्नेस तोकडी पडली. एका विमानात सुमारे 530 किमी वायर, आणि 2006 मध्ये विमानं देण्याचं वेळापत्रक सुमारे दोन वर्षांनी मागं गेल्याचं जाहीर करावं लागलं.

नेलबोर्डचं (खिळे ठोकलेल्या ज्या फळीवर हार्नेस बांधतात तिचं) ड्रॉइंग काढताना एक गोष्ट हटकून राहते. सपाट केल्यावर ब्रांच कुठल्या बाजूनं निघते ते नाहीसं होतं. आमच्याकडे बोर्डावरच्या काकू ड्रॉइंग बघून पहिलं हेच विचारतात, "दादा, ही ब्रांच वरून काढू की खालून?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. चुकीच्या बाजूनं टेप झालेली ब्रांच गाडीत फिरवून घ्यावी लागते आणि त्यातच लांबी खर्ची पडते. ड्रॉइंगवर दिशा लिहा, आणि ब्रांचची लांबी कनेक्टरच्या कुठल्या तोंडापर्यंत मोजलीय तेही लिहा. पिनेत आत जाणारी वायरीची लांबी पिनेच्या प्रॉपर्टीत भरलेली हवी.

पहिला नमुना बनवण्याआधी त्याच जाडीची ट्यूब घेऊन प्रत्यक्ष केबिनमध्ये क्लिपांमधून न्या, प्रत्येक ब्रांचवर खूण करा आणि सेगमेंटच्या लांबीशी ताडून बघा. फरक टॉलरन्सबाहेर निघाला तर बोर्डावरचे खिळे सरकवू नका. मॉडेल दुरुस्त करून ड्रॉइंग नव्यानं काढा, नाहीतर पुढच्या रिव्हिजनला तोच फरक परत उभा राहील.