ईसीयू बदलण्याआधी ६० ओहम मोजा

प्रश्न : गाडी चालवताना स्पीडोमीटरचा काटा अचानक शून्यावर येतो आणि एबीएस, पॉवर स्टीअरिंग, एअरबॅग हे तिन्ही दिवे एकदम लागतात. थोड्या वेळाने सगळं आपोआप ठीक होतं. गाडी धुतली की त्रास वाढतो. स्कॅनरवर यू०१०० आणि यू०१२१ हे कोड आले. गॅरेजवाले ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि एबीएस मॉड्यूल (ब्रेकचा संगणक) दोन्ही बदलायला सांगतात. माझ्याकडे मल्टिमीटर आहे. आधी काय तपासू?

उत्तर : आधी त्यांना थांबवा. दोन मॉड्यूल एकाच क्षणी बिघडतात आणि थोड्या वेळाने एकदमच बरी होतात, हे मला पटत नाही. यू०१२१ हा कोड एबीएसने स्वतःबद्दल लिहिलेला नसतो. एबीएसच्या निरोपाची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या मॉड्यूलने ‘मला त्याचं काही ऐकू येत नाही’ अशी केलेली ती नोंद असते. यू०१०० मध्ये तेच इंजिनच्या ईसीयूबद्दल. म्हणून हे कोड कोणत्या मॉड्यूलमध्ये नोंदले गेलेत ते स्कॅनरवर पाहा. दोन्ही कोड मीटर क्लस्टरमध्ये (डॅशबोर्डवरच्या स्पीडोमीटरच्या पॅनेलमध्ये) असतील आणि ईसीयू व एबीएस दोन्ही बॉनेटखाली असतील, तर संशय केबिन आणि इंजिन यांच्यामधल्या वायरिंगवर घ्यायचा.

हे सगळे निरोप पीळ घातलेल्या दोन तारांवरून जातात : कॅन हाय आणि कॅन लो (कॅन म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ते नेटवर्क). या जोडीच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रेझिस्टर असतो, बहुतेक वेळा मॉड्यूलच्या आतच. दोन्ही समांतर, म्हणून मधून मोजलं की ६० यायला हवेत.

बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत ना, बॅटरी उतरलेली नाही ना, एवढं पाहून घ्या. व्होल्टेज पडलं तरी असे कोड येतात. मग निगेटिव्ह केबल काढा, काही मिनिटं थांबा आणि स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ या पिनांवर ओहम मोजा. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला (तारा जोडणाऱ्या प्लगला) मात्र मीटर अजिबात लावू नका.

१२० आले तर कुठेतरी तार तुटली आहे किंवा एका टोकाचा रेझिस्टर सुटला आहे. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. अशा वेळी एकेक मॉड्यूल सोडवत मीटरकडे पाहायचं. काही गाड्यांत हा सॉकेट फक्त गेटवेपर्यंतच, म्हणजे नेटवर्कच्या दारावर बसवलेल्या मॉड्यूलपर्यंतच जातो. तिथे आतलं नेटवर्क इथून मोजता येत नाही, वायरिंग डायग्राम लागतोच.

तुमचा दोष येतो-जातो, त्यामुळे बहुधा ६० च येतील. तेवढ्यावर समाधान मानू नका. मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला बॉनेटखालचा हार्नेस (तारांचा जुडगा) हाताने हलवायला सांगा. माझ्याकडे अगदी अशाच तक्रारीची एक गाडी आली होती. सकाळपासून ६० दाखवत होती. एबीएसच्या कपलरजवळ वायर जरा वाकवली आणि आकडा १२० वर गेला. कपलर उघडला तर आत पाणी, आणि एक पिन हिरवी पडून जवळजवळ खाल्लेली. बाहेरून सील अगदी धड दिसत होतं. मॉड्यूलला काहीही झालेलं नव्हतं. त्या गाडीचा ईसीयू त्याआधीच एकदा बदलला गेला होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

बॅटरी जोडून, इग्निशन चालू करून व्होल्टेजही पाहा. हाय २.५ व्होल्टच्या किंचित वर, लो किंचित खाली दिसेल. एखादी तार ० किंवा १२ दाखवत असेल तर ती अर्थिंगला किंवा सप्लायला लागली आहे. मीटर फक्त सरासरी दाखवतो. खऱ्या लहरी बहुतेक गाड्यांत सेकंदाला पाच लाख बिटांच्या वेगाने धावतात, त्या पाहायला ऑसिलोस्कोपच हवा.

तार जोडावी लागली तर पीळ शक्य तितका जोडापर्यंत कायम ठेवा. तो उकलला की आजूबाजूचा विद्युत गोंगाट आत शिरतो. आणि तपासताना सुईने तारेचं आवरण टोचू नका. त्याच भोकातून पुढे पाणी जातं.

हार्नेस हलवताना दिसलेले आकडे लिहून पाठवा, पुढचं त्यावरून सांगतो.