कॅमेरा आणि आभाळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या ऑक्टोबरात संध्याकाळी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर होते. पूर्वेकडून काळ्या ढगाची सलग कड शहरावरून पुढे येत होती. मोबाइलवर दर दहा सेकंदांना एक फोटो असा टाइम-लॅप्स लावला. पण व्हिडिओत ढग उड्या मारत येतो आणि उजेड सारखा कमी-जास्त होतो. पुढच्या वेळी काय करू, कुठे उभी राहू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : तुम्हाला शेल्फ क्लाउड दिसला, भाग्य तुमचं. गडगडाटी ढगातून पावसाबरोबर थंड, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीला टेकली की चहूबाजूंना पसरते. वाटेतली उबदार, दमट हवा तिच्यावरून उचलली जाते आणि वर गार होऊन तिचा ढग बनतो. म्हणून त्याची पुढची बाजू गुळगुळीत, थरावर थर असलेली असते आणि पोट फाटलेलं, घुसळत असलेलं. वर चढणारी हवा आणि पोटाखालची खळबळ, ही दोन्ही टिपायची असतील तर दहा सेकंद फार झाले.

हिशेब करून पाहा. ही कड ताशी 36 किलोमीटरने येत असेल तर सेकंदाला 10 मीटर सरकते. दहा सेकंदांत 100 मीटर! दोन फोटोंमध्ये तेवढी झेप पडली की उडी दिसणारच. मी 2 सेकंदांचं अंतर ठेवतो, ढग जवळ आला असेल तर 1. दर 2 सेकंदांना एक या दराने 20 मिनिटांत 600 फोटो होतात. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर 24 सेकंदांचा व्हिडिओ. एवढा पुरे.

उजेडाचं कारण ऑटो मोड. प्रत्येक फोटोला कॅमेरा नव्याने अंदाज बांधतो आणि मध्येच वीज चमकली की त्याचा तोल जातो. फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा), एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) तिन्ही हाताने पक्के करा. सुरुवात आकाशाच्या सगळ्यात उजळ भागावरून करा, तो पांढराफटक होता कामा नये. ढग डोक्यावर आला की झपाट्याने अंधारतं. तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) एकेक पायरी वाढवा आणि त्या पायऱ्या नंतर संगणकावर सारख्या करून घ्या. एक खास आपल्या हवेतली गोष्ट : एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणलात तर भिंगावर लगेच वाफ धरते. अर्धा तास आधी बॅगेसकट बाहेर ठेवा.

जागा ऋतूवर ठरते. ऑक्टोबरात दुपारी सह्याद्रीवर ढग वाढतात आणि संध्याकाळी किनाऱ्याकडे उतरतात. तेव्हा मावळतीचं ऊन तुमच्या पाठीमागून थेट ढगाच्या तोंडावर पडतं, प्रत्येक थर वेगळा दिसतो. मला यासाठी रायबंदरच्या बाजूने मांडवीपलीकडे, दिवाडीकडे तोंड करून बसायला आवडतं. पाण्यावरून क्षितिज मोकळं मिळतं. जूनच्या पहिल्या पावसाच्या सरी समुद्रावरून येतात, त्यांना दोनापावला चांगलं. फोंड्यात डोंगर आड येतात, पण ऑक्टोबरातला ढग तुमच्याकडे पणजीच्या आधी पोचतो. हवामान खात्याच्या पणजी रडारची चित्रं पाहत राहिलात तर निघायची वेळ कळेल.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, मात्र जाऊ नका. दृश्य अप्रतिम असतं हे मलाही ठाऊक आहे. पण त्या उघड्या कातळावर ट्रायपॉडशेजारी सगळ्यात उंच तुम्हीच असता. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. 30 पेक्षा कमी भरले तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या मोटारीत शिरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप मोबाइलवर असू द्या. कॅमेऱ्याला बाहेर चालू राहू दे, ट्रायपॉड बुटका करून त्याला वजन टांगा. पडलेला वारा एकदम उलटून गार झाला, माडांच्या झावळ्या एका अंगाला वळल्या, लाल धूळ उठली की थंड हवेची कड तुमच्यापर्यंत आली. तोपर्यंत तुम्ही आत असायला हवं. त्यानंतरच्या फोटोंत भिंगावरच्या थेंबांशिवाय फारसं काही येत नाही.

प्रश्न : असा ढग दिसला म्हणजे ढगफुटी होणार का? घरचे फार घाबरले होते.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. ढगफुटी म्हणजे लहानशा भागात तासाभरात 100 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस. शेल्फ क्लाउड पावसाचं प्रमाण सांगत नाही. जोराचा वारा येतोय एवढंच सांगतो. घरच्यांना गच्चीवरचे पत्रे, कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे आवरायला सांगा, आणि झाडाखाली लावलेली गाडी हलवायला.