परसबागेत बडीशेप केव्हा लावावी?

प्रश्न : आमच्या परसबागेला विहिरीचे पाणी बारमाही आहे. मृगाच्या पावसावर वाफ्यात बडीशेप टाकली, ती उगवली, पण पिवळी पडून सडली. फेब्रुवारीत पुन्हा टाकली, तर रोपे वीतभर होताच फुलावर आली. आम्हांला कोवळा पालाही हवा आहे आणि थोडे दाणेही. ती नेमकी केव्हा लावावी? डब्यातली बडीशेप बियाणे म्हणून चालेल काय?
– एक वाचक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, दोन्ही वेळा आपला हंगाम चुकला, निगराणीत उणे दिसत नाही. बडीशेप हे थंडीत वाढणारे पीक आहे. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते आणि बडीशेपेच्या सोटमुळाला ते सोसत नाही; फेब्रुवारीनंतर दिवस मोठा होतो, ऊन तापते आणि रोप अंग धरण्याआधीच फुलते. म्हणून परतीचा पाऊस सरून जमीन वाफशावर आली (जास्तीचे पाणी निथळून नुसती ओल राहिली), की ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे साधारण हरभरा पेरण्याच्या सुमारास, बी टाकावे. दाणे भरायला पाच ते साडेपाच महिने लागतात, त्यामुळे पेरणी डिसेंबरवर गेल्यास दाणा ऐन उन्हाच्या तडाख्यात सापडून पोचट राहतो.

डब्यातली भाजलेली बडीशेप उगवत नाही, आणि मुखवासाची बारीक, हिरवीगार बडीशेप कोवळी तोडलेली असल्याने तिचाही भरवसा धरू नये. मसाल्याची, टपोरी, नव्या हंगामाची बडीशेप मात्र चालते. दसऱ्याच्या आधीच २० दाणे ओल्या कापडात गुंडाळून ठेवावेत. दोन आठवड्यांत निम्म्याहून अधिक दाण्यांना मोड आले, तर तेच बी वापरावे.

वीतभर उंच गादीवाफा करून त्यात कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळावी. दोन ओळींत ४५ सें.मी. अंतर ठेवून बी जेमतेम एक सें.मी. खोल टाकावे आणि झारीने पाणी द्यावे, कारण पाटाच्या पाण्याने बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते. उगवणाऱ्या रोपाची पहिली दोन पाने लांबट, अरुंद, अगदी गवतासारखी असतात आणि निंदताना तीच उपटली जातात. मागून येणारे पान सांबारापेक्षाही (कोथिंबिरीपेक्षाही) बारीक चिरलेले असते व चुरगळताच बडीशेपेचा वास येतो. तोवर निंदणाची घाई करू नये. पुढे २० ते २५ सें.मी.वर एक रोप ठेवून विरळणी करावी. विरळलेली रोपे दुसरीकडे लावण्यापेक्षा भाजीत घालावीत, कारण सोटमूळ दुखावलेले रोप क्वचितच जोम धरते. थंडीत जमीन भेगाळून मुळे तुटू नयेत म्हणून वाफ्यावर पालापाचोळा पसरावा.

सहा ते आठ आठवड्यांनी बाहेरची पाने खुडता येतात. मधला शेंडा मात्र राखावा. ज्या झाडांचे दाणे हवेत, त्यांची पाने फारशी खुडू नयेत. फुलोऱ्यात ढगाळ हवेने मावा ही रस शोषणारी कीड पडल्यास ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा, कारण दिवसभर फुलांवर मधमाश्या असतात आणि दाणे धरण्यासाठी त्या हव्यात.

सगळे गुच्छ एकदम पिकत नाहीत. जो भरेल तो हिरवटपणी कापून सावलीत वाळवावा. उन्हात वाळवल्यास रंग व वास दोन्ही उतरतात. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी चांगल्या झाडाचा मधला गुच्छ पिवळसर होईपर्यंत झाडावरच ठेवावा.