लिनक्सवर गेम खेळायचेत? आधी एवढंच करा

भाऊ, बिनधास्त सुरू करा. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन हे साधन आणलं, तेव्हापासून विंडोजचे बरेचसे गेम लिनक्सवर छान चालतात.

- गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर त्याचं नाव शोधा, तो प्रोटॉनवर कसा चालतो ते कळतं.
- व्हॅलोरंट, फोर्टनाइट चालणार नाहीत. अडचण अँटी-चीटची (चीटिंग पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची) आहे, सेटिंगमध्ये रात्र घालवू नका. मित्रांसोबत रोज तेच खेळत असाल तर विंडोजही ठेवा.
- विंडोजच्या एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवायची पद्धत) ड्राइव्हवरचे गेम तिथूनच चालवू नका. नवे लोक हमखास इथेच अडकतात!
- नागपुरात बर्डीवर ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलात तर एएमडीचं बघा, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो.
- गेमचं लिनक्सचं पोर्ट (लिनक्ससाठी बनवलेली आवृत्ती) रखडत असेल तर स्टीममध्ये त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोटॉन निवडा. कित्येकदा तेच बरं चालतं.

डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलत बसू नका. मिंट पुरे आहे.