सायटोस्केप जेएस: नोडला क्लास लावला तरी रंग का बदलत नाही?

तुमचा प्रश्न असा: सायटोस्केप जेएस या आलेख काढायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत वंशवृक्षातल्या नोडचा (एकेका व्यक्तीच्या ठिपक्याचा) रंग क्लिकवर कोडमधून बदलला, पण त्यानंतर क्लास (ज्याला रंगाचा नियम जोडलेला असतो ते नाव) लावला तर काहीच दिसत नाही.

पहिला रंग तुम्ही थेट नोडवर 'स्टाइल' फंक्शननं दिला असणार. तसा दिलेला रंग स्टाइलशीटला, म्हणजे रंगरूपाच्या नियमांच्या यादीला, जुमानत नाही. त्या नोडवर 'रिमूव्हस्टाइल' चालवा, क्लासचा रंग लगेच दिसेल.

मी यात दोन रात्री घालवल्या आहेत. इंदूरला आमच्या गणेशोत्सवातल्या प्रदर्शनासाठी होळकरांचा वंशवृक्ष केला होता. खाली सालांची पट्टी. ती सरकवली की त्या साली गादीवर कोण होतं, तो नोड केशरी. मी जुना रंग बाजूला ठेवून नवा लावत होतो. पट्टी भराभर सरकवली की 'जुना' म्हणून केशरीच साठवला जाई, आणि 1780 वर अहिल्याबाईंसोबत मल्हाररावही केशरी दिसत. ते तर 1766 मध्येच गेले!

शेवटी कोडमधले सगळे रंग काढून टाकले. केशरी रंग स्टाइलशीटमध्ये 'गादीवर' या क्लासला एकदाच दिला, आणि प्रत्येक नोडच्या डेटात कारभाराची सुरुवात नि शेवट घातला. पट्टी हलली की प्रत्येक नोडवर 'टॉगलक्लास' चालतं; अट खरी असेल तर ते क्लास लावतं, खोटी असेल तर काढतं. त्याला दुसरं मूल्य म्हणून अट द्या: साल सुरुवातीइतकं किंवा पुढचं, आणि शेवटाच्या आधीचं. शेवटाचं सालही धरलंत, तर 1767 वर मालेराव (अहिल्याबाईंचे पुत्र, त्यांच्या आधी गादीवर) आणि अहिल्याबाई दोघंही केशरी होतील. अहिल्याबाईंचे पती खंडेराव 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पडले, गादीवर आलेच नाहीत. त्यांच्या डेटात सुरुवात-शेवटाची सालं ठेवलीच नाहीत, त्यामुळे अट आपोआप खोटी ठरते. वेगळा 'इफ' लागत नाही.

हा सगळा फेरा 'बॅच'मध्ये (सगळे बदल एकदम लागू करणाऱ्या फंक्शनमध्ये) घाला, म्हणजे दर नोडला चित्र पुन्हा रंगवलं जाणार नाही.

अजून एक: वेबपानांच्या नेहमीच्या सीएसएससारखं इथे सिलेक्टर (नियम कोणत्या नोडना लागू, हे सांगणारा भाग) किती नेमका आहे हे बघत नाहीत, नंतर लिहिलेला नियम जिंकतो. म्हणून 'गादीवर'चा नियम 'नोड'च्या नियमाखालीच लिहा. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये नोड शोधू नका, सगळं कॅनव्हासवर एकाच चित्रासारखं रंगवलेलं असतं.

नोड उठून दिसावा म्हणून रुंदी मात्र वाढवू नका. मांडणी आपणहून बदलत नाही, शेजारचे नोड झाकले जातात. मांडणी पुन्हा चालवली तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सगळा वृक्ष हलतो. जाड किनार द्या.